पेशावरचा बार्बर

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. परवा इथं परदेशात, क्रॉयडनला केस कापायला गेलो, तर बार्बर पेशावरचा निघाला. खुर्चीत बसल्यापासून त्याचं एकच सुरू: आमची खैबर खिंड, आमचे काफिले, आमचा जुना बाजार. शेवटी माझ्यातला पुणेकर जागा झालाच. म्हटलं, "भाईसाहेब, तुमच्या पेशावरवर आमच्या मराठ्यांचा झेंडा होता!"

त्याची कात्री थांबली. "किती वर्षं?"

"वर्षं नाही, काही महिने."

"मग?"

"मग परत आले."

"अच्छा," तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे व्हिजिटर व्हिसावर होते."

अरे, हा काय चेष्टेचा विषय आहे? त्याच क्षणी उठून ताडताड निघून जाणार होतो मी! पण अर्ध्याच डोक्याचे केस कापून झाले होते.