पावलाचं माप

खताच्या दुकानापुढे रांग होती. कुंड्यांसाठी मूठभर खत न्यायला आलेल्या शिंप्याच्या पुढे दोन शेजारी बोलत होते, एक उंच, एक ठेंगणा.

“दादा, युरियाचं तिसरं पोतं?” ठेंगण्याने विचारलं. “मका लावलाय की हत्ती पाळलाय?”

“पानं हत्तीच्या कानाएवढी झालीत. पण मका एवढा विरळ, की दोन ताटांमध्ये मी आडवा झोपेन.”

“टोकण कोणी केली?”

“मीच, शहाण्याने. ती असताना पाऊल टाकून अंगठ्यापुढे दाणा टोचायची. मीही तसंच केलं.”

“वहिनींच्या पावलानं?”

“माझ्या.”

“अहो, तुमचं पाऊल म्हणजे होडी!”

“ते आता कळलं. वीस वर्षं तिच्या मागून माती लोटली, पण पाऊल केवढं ते कधी बघितलं नाही.”

“रिकाम्या जागेत युरिया टाकून कणसं येत नाहीत. खालचं रान टोकायचं राहिलंय, ते तरी नीट टोका. वहिनींची चप्पल असेल ना?”

“दारातच आहे.”

“मग तीच न्या मापाला.”

“चिखलात? मळेल रे.”

उंच माणसाचा नंबर आला.

“किती पोती?”

“युरिया नको. हातभर सुतळी द्या.”

“हातभर? काय बांधायचंय?”

“बांधायचं नाही. घरी एक माप घ्यायचंय.”