बोंडांचे फोटो

"मुद्दाम करतात हे लोक! बघायचंच नसतं त्यांना!" दिग्रसच्या सायबर कॅफेत मी असा ओरडलो, की कॅफेवाला शेखरभाऊ दचकून म्हणाला, "कोनाले बोलून राह्यला बे? कॉम्प्युटरले?"

सांगतो ना. आमच्या तांड्यातली कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती. संध्याकाळपर्यंत कृषी ऑफिसात फोटो पोचले तरच पंचनाम्याला माणूस येणार होता. शेताशेताचे फोटो मेलनं पाठवणारा प्रोग्राम मीच लिहिलेला. पत्र बरोबर पोचायचं, फोटो मात्र बिघडायचा. वर आभाळाची पट्टी आणि खाली नुसता करडा रंग. ऑफिसवाले दर वेळी म्हणायचे, काही दिसत नाही, परत पाठवा.

"अळी मेलमधी बी शिरली म्हना," शेखरभाऊ म्हणाला.

चिडून एक फोटो मी स्वतःलाच पाठवला. गेलेल्या आणि आलेल्या फाइलचा आकारच वेगळा! प्रोग्राम फोटोलाही मजकूर समजून वाचत होता आणि मधेच ओळी बदलत होता. मी बायनरी मोड लावला, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. फोटो अख्खा उघडला! लगेच सगळे फोटो ऑफिसला पाठवून फोन केला.

"आता दिसतात का साहेब?"

"दिसते," तिकडचा बाबू म्हणाला, "पन अजून गडबड आहे भाऊ. सगळ्या बोंडांत नुसती भोकंच दिसून राह्यली. परत पाठवा."