आठवी फळी

चक्रीवादळ परवा व्हिएकेस बेटावर धडकणार होतं. दुकानात खिळे घ्यायच्या रांगेत ब्रुनिल्डाच्या पुढं दोघी बोलत होत्या.

"खिडक्यांवर ठोकायच्या जुन्या फळ्या काढल्यास का गं, नेरेइदा?"

"काढल्या. खिडक्या सात आणि फळ्या आठ!"

"असेल एखादी जास्तीची."

"मापानं कापलेली आहे, बाई! आमच्या एकाही खिडकीला बसेना. त्या शिवणवाल्या मिग्दालियाच्या खिडकीला लावून बघितली, चपखल बसली."

"अगं बाई! नवरा काय म्हणाला?"

"वर तोंड करून शेजारधर्म म्हणतो, मेला! तिच्या निजायच्या खोलीची खिडकी!"

"मग उद्याच्या बोटीची तिकिटं?"

"दोन आहेत. सासूला नेते. त्याला बसू दे त्या फळीमागं."

ब्रुनिल्डानं रांग सोडली. घरी तिच्या नवऱ्यानं जपून ठेवलेल्या फळ्या तिनं कधी मोजल्याच नव्हत्या.