जेरुशा कफी हिच्या अस्थींबाबत

थॉर्नबरी पोलीस ठाणे, मॅसॅच्युसेट्स
दिनांक १७ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी, ओडेसा मे प्रुएट, वय ५९ वर्षे, धंदा नोकरी (कॉलेजात सफाई विभागाची मुकादम), राहणार ४१, मिल स्ट्रीट, वरचा मजला, थॉर्नबरी. मूळ गाव कॅल्डर, मिसिसिपी.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. नऊ वर्षांपूर्वी कॅल्डरहून येथे आले. कॅल्डर हेही कॉलेजचेच गाव असून तेथेही मी कॉलेजातच सफाईचे काम करीत होते.

मंगळवार दिनांक १४ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी व माझी सहकारी वांडा कोसिन्स्की, वय ६३, अशा आम्ही दोघी पूर्वी शरीरशास्त्र शिकवीत त्या जुन्या विज्ञान इमारतीच्या तळघरात होतो. इमारत दुरुस्तीला काढल्याने खोल्या रिकाम्या करण्याचे काम चालू होते. मागील खोलीत कपाटामागे एक लाकडी पेटी मिळाली. लांबी अंदाजे तीन फूट. वांडाने झाकण काढले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडे व वर एक कवटी होती. कपाळावर काळ्या शाईने ६ हा आकडा लिहिलेला होता. झाकणाच्या आतील बाजूस कागद चिकटवलेला होता. त्यावर पुढीलप्रमाणे मजकूर होता: "स्त्री. काळी. स्वयंपाकीण. जेरुशा कफी, याच गावची. १८७४."

वांडा म्हणाली, "अगं बाई! हे खरंखुरं माणूस आहे?"

मी जमिनीवर बसले.

बसण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, सदर नाव माझ्या ओळखीचे आहे. नदीकाठच्या दफनभूमीत पलीकडच्या भिंतीलगत काळ्या लोकांच्या अकरा कबरी आहेत. त्यांची देखभाल आमच्याच लोकांचे चर्च करते. जेरुशा कफीचा दगड माझ्या वाट्याला आहे. दर मे महिन्यात मी तेथे लाल फुलांची रोपे लावते. नऊ वर्षे लावली. मी त्या दगडाशी बोलते. काय बोलते ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. ती तेथे नव्हती.

सव्वादहा वाजता इमारतीचे काम पाहणारे उपअधिष्ठाता श्री. प्रेस्कॉट वेल यांना मी बोलावले. ते ताबडतोब आले. कागद वाचून त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "ओडेसा, तुम्ही आधी मला सांगितलंत, फार बरं केलंत. विषय नाजूक आहे. आपण समिती नेमू. तोवर फोटो वगैरे नको, बाहेर वाच्यता नको."

मी म्हणाले, "सर, तिला आज इथून वर तरी नेऊ या. इथं ओल आहे."

"तिला?" असे ते म्हणाले. मग म्हणाले, "हो, हो. पण घाई करून चालणार नाही. सोमवारी सत्तावीस तारखेला बैठक लावतो. विश्वास ठेवा. हे काही मिसिसिपी नाही."

ते गेल्यावर वांडा म्हणाली, "हे बघ, माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. मी काही बघितलं नाही." मी तिला बोल लावला नाही.

श्री. वेल यांच्या बोलण्याचा राग आला का, असे विचारल्यावरून सांगते की, कॅल्डरची मी बढाई मारीत नाही. सन २०१६ मध्ये तेथे कॉलेजसमोरचा, गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून गाव पेटले होते. ट्रकला त्याच सैन्याचे झेंडे लावून माणसे आमच्या गल्लीतून फिरत. माझ्या खिडकीतून वीट आत आली. हॉइट टॅल्मेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने भर बाजारात मला शिवी दिली. ती मी येथे सांगत नाही. मी गाव सोडले ते त्या विटेमुळे. परंतु त्याच वर्षी, मी निघण्यापूर्वी, कॉलेजच्या पायऱ्यांवर गुलामांची नावे वाचण्यात आली. कॉलेजच्या विटा त्यांनी भाजल्या होत्या. अडतीस नावे होती. ती वाचणारा हॉइट टॅल्मेजच होता, कारण ते गुलाम त्याच्या पणजोबाचे होते. तो खुशीने उभा नव्हता. त्याची मान लाल झाली होती. पण त्याने एकही नाव गाळले नाही.

येथे नऊ वर्षांत मला कोणी शिवी दिलेली नाही. घरोघरी अंगणात 'सर्वांचे स्वागत' अशा पाट्या आहेत.

बुधवारी सायंकाळी मी कॅल्डरला माझा भाऊ रूबेन यास फोन करून पेटीची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "काय ताई, तिकडं तर म्हणे सगळे शहाणेसुरते लोक राहतात?" मग तो म्हणाला, "इथं निदान भांडायचं कुणाशी ते कळतं. तू कुणाच्या अंगावर जाणार? सगळे सॉरी म्हणून मोकळे."

आज सकाळी सात वाजता मी तळघरात गेले. खोली रिकामी होती. ठेकेदाराचा माणूस भेटला. तो म्हणाला, "बाई, मला कुणी काही सांगितलंच नाही. रिकामी करा म्हणाले, केली." त्याने अंगणातील राडारोड्याच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवले. ही पेटी खोलीएवढी मोठी आहे.

मी आत चढले. विटा, फरशीचे तुकडे व मोडके नळ होते. लाकडी पेटीच्या फळ्या वेगळ्या झाल्या होत्या. मी हाताने उपसू लागले. थोड्या वेळाने पाठीमागे आवाज झाला म्हणून पाहिले तर वांडा चढत होती. ती म्हणाली, "सरक जरा. त्या कोपऱ्यात मी बघते." एक तास चाळीस मिनिटे आम्ही शोधत होतो. कवटी एका फुटक्या सिंकखाली मिळाली. खालचा जबडा मिळाला नाही. डाव्या हाताची बोटे मिळाली नाहीत. कागद लावलेली फळी मिळाली.

साडेनऊच्या सुमारास श्री. वेल आले. लोखंडी पेटीच्या काठाला धरून उभे राहिले. "ओडेसा, मी ईमेल पाठवला होता. सगळ्यांना पाठवला होता," असे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "आता मी काय करू, सांगा."

मी म्हणाले, "आत उतरा."

ते उतरले नाहीत. फोन लावायला बाजूला गेले.

त्यानंतर वांडाच्या गाडीतून माझ्या घरी जाऊन धुतलेली चादर घेतली व अस्थी त्यात बांधून येथे आणल्या. त्या आपल्या टेबलावर आहेत. सार्जंट गॅग्नन मला म्हणाले, "बाई, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी गुन्हा नोंदवू कुणावर?" तिला कबरीतून खणून कोणी काढले ते मला माहीत नाही. परंतु मंगळवारपासून आजपर्यंत ती कोठे होती हे किमान तीन माणसांना माहीत होते, त्यातली एक मी. मी फोटो काढला नाही. मी तिला उचलून वर नेले नाही. मला घाई करू नका असे सांगितले, मी घाई केली नाही. हेही लिहून घ्यावे.

ताब्यात घेतल्याची पोच लेखी मिळाल्याशिवाय मी येथून उठणार नाही. वांडा कोसिन्स्की बाहेर बाकावर बसली आहे, तिचाही जबाब घ्यावा. ती देणार आहे.

वरील मजकूर सार्जंट गॅग्नन यांनी मला सावकाश वाचून दाखवला व मी तो ऐकला. पोचपावतीत "अनोळखी मानवी अवशेष" असे दोन ठिकाणी लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून दोन्ही ठिकाणी "जेरुशा कफी, स्वयंपाकीण, राहणार थॉर्नबरी" असे लिहिले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) ओडेसा मे प्रुएट