थेंब न घेता गेलेलं लिव्हर

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, वरातीतलं सरबतसुद्धा जो आधी हुंगून बघतो, त्याचंच लिव्हर खराब व्हावं? तुम्हाला सांगतो, दुखणं परवडलं, पण ही लाज नको! मी टेम्पो चालवणारा साधा माणूस, बोलायला आधीच कच्चा, नववीत गुरुजी सारखं उभं करून प्रश्न विचारायचे म्हणून शाळा सोडलेली... आणि आता अख्खी पाथर्डी मला उभं करून विचारते, "काय अंगद, देशी का इंग्लिश?" थेंब घेतला नाही हो मी!

सुरुवात झाली ती कोल्हारकडं. आई-बाप ऊसतोडीला, मी तिथंच टेम्पोवर, नुकती विशी ओलांडलेली. ऊसतोड्यांच्या मुक्कामाच्या तळावर रक्ततपासणीचं शिबिर लागलं, फुकट म्हणून सगळ्यांनी दंड पुढं केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगद, तुझ्या रक्तात चरबी जास्त आहे. आत्ताच आवर, नाहीतर पुढं लिव्हरवर जाईल." मी मान हलवली. पण माझी आई! बायडाबाई, कोयत्यानं आणि उन्हानं नुसती काडी झालेली बाई. तिच्या माहेरी-सासरी कुणाच्या हाडावर मांस नाही, आणि पोराच्या थेट रक्तात चरबी! तळावरच्या कोपीकोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीझोपडीत सांगत सुटली, "माज्या अंगदच्या रगतात चरबी निघाली गं! डाक्तरीन म्हनली!" बाया म्हणाल्या, "नशीब काडलंस बायडे, आमच्या पोरांच्या रगताचं तर पानी झालंय म्हनं." शेजारच्या कोपीतल्या रंगुबाईनं मला ओवाळायचंच बाकी ठेवलं! आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरीवर तूप, तुपावर गूळ, पुन्हा वरून तूप... "खा रं, न्हाईतर निघालेली चरबी जाईल की!" मला डॉक्टरीणबाई आठवायच्या, 'नको' म्हणायला मी तोंड उघडायचो, तेवढ्यात त्यात घास जायचा. बरं, तिनं स्वतः कोरडी भाकरी खायची आणि माझ्याकडं बघत बसायचं. कसं नको म्हणणार? सांगा ना!

आता तिशी आली, उजव्या बरगडीखाली जड लागायला लागलं. बिभीषणमामा नगरला घेऊन गेला. सोनोग्राफी केली, लिव्हरवर चरबी! डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, चाला, वजन उतरवा, गोड-तळलेलं सोडा, सुधारेल. पण हे आजचं नाही. तरुणपणी कधी रक्त तपासलं होतं?" काय सांगू? तपासलं होतं, आणि आम्ही त्याचा सण केला होता? तेव्हाच ऐकलं असतं तर...

असो. परत येताना भरल्या जीपमध्ये मामा फोनवर ओरडतोय, "आगं ताई, अंगदचं लिव्हर गेलं!" आणि मागच्या सीटवर कोण? कारभारींचा भाऊ! कारभारी म्हणजे धनश्रीचे वडील, आणि धनश्री म्हणजे... म्हणजे जिच्याशी माझं जमत आलं होतं हो. इतक्या ठिकाणी नकार घेतल्यावर पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालेलं! मी घरी पोचायच्या आत निरोप हजर, "दारुड्याला पोरगी देनार न्हाई."

गेलो समजवायला. मी, मामा, आई. मी म्हणालो, "चरबीमुळं झालंय, मी थेंब घेत नाही." कारभारी म्हणाले, "आमाला येडं समजता व्हय? लिव्हर दारूनंच जातं. खोटारडं पोरगं दारुड्यापेक्षा वाईट!" झालं, सगळं संपलं... तेवढ्यात मामानं माझ्या मांडीला चिमटा काढला आणि म्हणाला, "पाव्हनं, पीत हुता. आता सोडली. इचारा त्याला." सगळे माझ्याकडं बघतायत, दाराआडून धनश्रीसुद्धा! मी आईकडं बघितलं, तिची मान खाली. म्हणालो, "...सोडली." कारभारी उठले आणि पाठीत थाप मारली, "आता कसं! पोरगं खरं बोलतंय. मला तर अजून सुटली न्हाई. चहा टाक गं!"

परत येताना आई माझ्या मागं मागं राहून चालत होती. मला वाटलं, पोरानं स्वतःला दारुडा म्हणवून मान खाली घालायला लावली. तर हळूच म्हणते, "दारूवर घातलंस ते लई बरं केलंस रं... न्हाईतर माज्यावर आलं असतं."

तेव्हा मंडळी, कुणी विचारलंच तर सांगा... अंगद लई प्यायचा.