बाबांची बस

हसू नका, पण एवढ्या स्पर्धा जिंकूनही माझ्या बाबांना मी एकदाही हरवलेलं नाही. बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. ड्युटीला न्यायला फॅक्टरीची बस येण्याआधी आमचा एक डाव व्हायचा. त्यांचा वजीर मेला, की ते लगेच डबा उचलायचे. "बस आली वं माय, डाव राहू दे."

परवा घरी गेले, तेव्हा पुन्हा डाव मांडला. आता माझ्या पुढच्याच चालीत त्यांच्यावर मात होती. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. बाबा उठले, चपला घालू लागले.

"कुठी चालले बाबा?"

"बस आली ना!"

"अवो, तुमाले रिटायर होऊन दोन वर्षं झाली!"

"मी रिटायर झालो. बस थोडीच झाली?"