एकसष्टला एक कमी

...अहो, पण आउट करा ना मला कुणीतरी! किती ओरडलो मी मैदानात, घसा सुकला, पण ऐकतंय कोण? तुम्हाला सांगतो, आउट झाला म्हणून रडणारे तुम्ही ढीगभर पाहिले असतील. आउट करत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेला मीच एकटा!

मुळात मी बॅट्समन आहे का? सातवीत शाळा सोडली, वेल्डिंगच्या दुकानात गेटं जोडतो, आणि आमच्या गावच्या क्लबात अकरावा येतो. तेही दहा माणसं संपली तर. ओपनिंगला यायचा माझा दादा. यायचा... दोन महिन्यांपूर्वी सकाळी छातीत कळ आली, दुकानातच बसला खाली, आणि... जाऊ दे. क्लबच्या दारावर पेंटरनं लिहून ठेवलंय, एका डावात सगळ्यात जास्त धावा एकसष्ट, आणि पुढे दादाचं नाव. सात वर्षांत कुणाच्या बापाला ओलांडता आल्या नाहीत.

सीझन सुरू झाला. आमचा कॅप्टन, टपाल वाटतो तो, म्हणाला, "दादाच्या जागी तूच जायचं. पॅडही त्याचेच बांध." बांधले. गेलो. आणि तिसऱ्याच चेंडूला कड! टक्कन आवाज! झेल थेट कीपरच्या हातात. कीपर शेजारच्या गावचा बेकरीवाला, त्याचे पंजे म्हणजे फावडी, सुटतोय कशाला?

आता आमच्याकडे पद्धत अशी, की ज्यांची बॅटिंग त्यांचाच माणूस अंपायर. आमचा न्हावी उभा होता. आणि दादाची पद्धत अशी, की कड लागली की अंपायरकडे बघायचंसुद्धा नाही, बॅट काखेत मारून चालू पडायचं. म्हणायचा, "न्हाव्याला कशाला संकटात टाकायचं?" मला माहीत होतं हो हे सगळं! आणि मी काय केलं? वाकलो आणि डोळ्यांवर हात घेतला. जसा काही दादा आठवला... नव्हता आठवला! त्या दोन महिन्यांत तेवढ्याच एका क्षणी मी त्याला विसरलो होतो, मला नुसतं खेळायचं होतं! बेकरीवाल्यानं चेंडू हळूच खाली टाकला. "राहू दे रे... खेळू दे पोराला."

झालं! एकोणीस केल्या, नाबाद. पुढच्या मॅचला दुसरंच गाव, पण बातमी माझ्याआधी पोचलेली. त्यांचा तो आडदांड बोलर लांबून धावत आला, मला बघितलं आणि चालायला लागला! चेंडू असा टाकला, जसा देवापुढे ठेवतोय. अडतीस! घरी वहिनी म्हणाल्या, "आउट कसे झालात, भावजी?" सांगा बरं, काय सांगू त्यांना?

तिसरी मॅच परत बेकरीवाल्याच्या गावाशी. आणि बघता बघता माझ्या झाल्या साठ! साठ! स्कोअर लिहायला आमचा पेंटरच बसतो. बघतो तर त्यानं वही बाजूला ठेवलेली, रंगाच्या डब्याचं झाकण उघडलेलं, ब्रश फडक्याला पुसतोय. आता दादाचं नाव जाणार... माझ्या नाटकापायी!

म्हटलं, आउट करा हो मला कुणीतरी! उंच झेल दिला, तर तिघं खाली उभे राहून "तुझा", "नाही, तुझा" करत बसले, चेंडू मधोमध धप्प! क्रीज सोडून पार पुढे गेलो, तर बेकरीवाला बुटाची लेस बांधतोय! शेवटी मीच बॅट घातली स्टंपांवर, तिन्ही आडवे. न्हावी म्हणतो, "वारा सुटलाय." पान हलत नव्हतं हो!

मग मात्र फुटलोच मी. "अरे, पहिल्या मॅचला कड लागली होती! रडत नव्हतो मी, खोटं होतं!"

बेकरीवाला म्हणाला, "आवाज ऐकला होता की. पार बाउंड्रीवर ऐकू गेला."

"मग?"

"मग काय? दादा गेला तुझा. त्यात आम्ही तुला आउट करायचं?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं... धरणी दुभंगली असती तर आत शिरलो असतो. बॅट काखेत मारली आणि चालू पडलो. साठवर. मागून टाळ्या! मी आउट नाही आणि तरी टाळ्या!

एकसष्ट वाचल्या. पण पेंटरचा ब्रश भिजलेला ना! म्हणाला, "काढलेला रंग वाया कशाला घालवू?" आणि दादाच्या नावाखाली लिहिलं माझं नाव, पुढे ठसठशीत... 'तीन डाव, एकदाही बाद नाही.'

रॉकेल लावून बघितलं, पॉलिशपेपर मारून बघितला. जात नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी क्लबवर आल्या, दारावरचं सगळं वाचलं. मी मान खाली घालून.

म्हणाल्या, "अक्षर मात्र सुरेख काढलंय, भावजी."

मी म्हटलं, "हो."